नरक चतुर्दशीची पहाट: घरातली ओवाळणी आणि मंडपातलं गाणं, दोन्हींचे फोटो कसे काढता?

शेवंती_के

नमस्कार मंडळी,

फोटो काढणं हा माझा छंद. जीव रमतो तो दोनच ठिकाणी: घरचे सणवार आणि गाण्याच्या मैफली. नरक चतुर्दशीला ही दोन्ही एकाच पहाटे येतात. आमच्याकडे आजेसासूबाई चारला सगळ्यांना उठवतात. पाटाभोवती रांगोळी, तेल, उटणं, ओवाळणं, एकाची आंघोळ चालू असताना बाकीच्यांनी बाहेर फुलबाज्या लावायच्या, मग तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि फराळाला बसायचं. तिथून निघून सहाला दिवाळी पहाटच्या मंडपात. गाणं अंधारात सुरू होतं आणि दोन-तीन चिजा होईतो लख्ख उजाडतं.

माझं एक ठाम मत आहे. सगळं आवरल्यावर नवे कपडे घालून सोफ्यावर ओळीत बसलेल्या माणसांच्या फोटोत दिवाळी नसते. दिवाळी असते ती चकलीच्या सोऱ्याचा दांडा फिरवताना ताणलेल्या मनगटात, तेलाची वाटी निवली की नाही ते बघणाऱ्या बोटात. मैफलीचंही तसंच. शेवटी शाल-श्रीफळ घेतानाच्या फोटोत गाणं कुठे असतं? मला हे करत असलेले हात आणि चेहरे हवे आहेत, तेही फ्लॅश न वापरता.

माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किटची १८-५५ लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स आहे. निरंजनाच्या उजेडात काय सेटिंग ठेवता? मंचावरच्या जांभळ्या-निळ्या दिव्यांचं काय करता? आणि ज्या सणात आपल्यालाही काम असतं, तिथे कॅमेरा कधी उचलता, कधी ठेवता?

अंजू_डोंबिवली

वा, वेळेवर धागा! आमच्या फडके रोडच्या गर्दीत कॅमेरा डोक्याच्या वर धरूनच चालावं लागतं, त्यामुळे माझे सगळे फोटो केसांचे आणि गजऱ्यांचे. वाचतेय.

पेठकर

५० एफ/१.८ आहे, म्हणजे निम्मं काम झालं. किट लेन्स ५५ ला एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). त्या मानाने १.८ ला जवळपास दसपट उजेड आत येतो. पहाटे किट लेन्स बॅगेतच राहू दे.

निरंजनाचा खेळ सगळा अंतराचा. ज्योत चेहऱ्यापासून निम्म्या अंतरावर आली की चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो. म्हणजे ओवाळताना ताम्हण वर येऊन चेहऱ्यासमोर जातं तोच क्षण धरायचा. ताम्हण खाली गेलं की आयएसओ (उजेडाला सेन्सरने द्यायचा प्रतिसाद) कितीही वाढवला तरी चेहरा मातकटच येणार. खोलीतली पांढरी ट्यूब बंद करा. अगदीच अंधार वाटला तर मागच्या खोलीतला पिवळा दिवा राहू दे, म्हणजे मागची माणसं काळोखात बुडत नाहीत. आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/१०० सेकंदाच्या आसपास, उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरून.

आणि व्हाइट बॅलन्स (पिवळट-निळसर रंगांचा तोल) ऑटोवर नको. तेलाच्या दिव्याचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो. ऑटो त्याला पांढरं करायला जातं आणि चेहरे आजारी दिसायला लागतात. हाताने ३०००-३५०० वर ठेवा, पिवळेपणा राहू द्या. दिवाळी आहे, पिवळीच दिसली पाहिजे.

तीनताल

घरच्या फोटोंत मला गम्य नाही, पण मंचावर बसून समोरचे फोटोग्राफर खूप पाहिले आहेत, कारण मी तबला वाजवतो. तेव्हा त्या बाजूने लिहितो.

सगळ्यात आधी तीन गोष्टी बंद: फोकसचा बीप, फोकससाठी लागणारा तो नारिंगी दिवा आणि फोटो काढल्यावर पडद्यावर आपोआप दिसणारं चित्र. तो नारिंगी दिवा आलापात मिटलेल्या डोळ्यांवर पडतो तेव्हा काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

आता बसायची जागा. बहुधा गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असते, म्हणजे समोरून बघताना तबला तुमच्या डावीकडे. अगदी समोर बसलात तर माइक तोंडावर येतो. थोडं पेटीच्या बाजूला सरकलात की माइक चेहऱ्यावरून हटतो, आणि गायक तबल्याकडे वळला की एका चौकटीत त्याची बाजू आणि तबलजीचा समोरचा चेहरा दोन्ही मिळतात. तबल्याच्या बाजूला बसलात तर गायकाचा हसरा चेहरा मिळेल, पण मध्ये आमचा डग्गा (तबल्याच्या जोडीतला मोठा) येईल.

कधी दाबायचं? ताल मोजा. मुखडा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आलं की हात खाली येतो, मान हलते, नजरानजर होते. तिहाई तर तुमच्यासाठीच केलेली असते. तोच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. पहिल्यांदा ओळखा, दुसऱ्यांदा फोकस लावा, तिसऱ्यांदा दाबा. ज्यांना सम कळते त्यांना धडाधड शंभर फोटो मारावे लागत नाहीत.

शटरचं म्हणाल तर विलंबितात, म्हणजे संथ लयीत, १/१२५ पुरतं. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तबल्याची बोटं थांबवायच्या नादी लागू नका. १/६० ला बोटं पुसट आणि चेहरा स्थिर, असा एक तरी फोटो काढा. थांबलेल्या बोटांचा तबला मुका वाटतो.

शेवंती_के

@तीनताल, हे पहिल्यांदाच कुणीतरी मंचावरच्या बाजूने सांगितलं. मनापासून आभार! पेटीच्या बाजूला बसायचं नक्की.

@पेठकर, ताम्हण वर आल्यावरच दाबायचं, लक्षात ठेवलं.

नानाकाका

मी जुन्या वळणाचा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा आणि रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत मांडी घालून पाय बधिर व्हायचे, तेव्हापासून फोटो काढतोय. पं. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव. मी तिथे जाऊ लागलो तोवर तो चांगलाच वाढला होता. कृष्णधवल ४०० चा रोल १६०० समजून वापरायचा आणि डेव्हलप करणाऱ्याला तसं बजावून सांगायचं. चित्र रवाळ यायचं, पण यायचं. रोल छत्तीसचा, त्यामुळे अख्ख्या रात्रीत छत्तीस वेळाच बोट हलायचं, त्यातही पहाटेच्या गायकासाठी दहा राखून ठेवावे लागायचे.

तरुण मंडळींना एकच विनंती. आलाप चालू असताना कॅमेरा मांडीवर ठेवा. राग उभा राहत असतो, तो आधी ऐका. रागाचा स्वभाव कळला की गायकाचा चेहरा कधी उजळणार हे आपोआप समजतं. सतीश पाकणीकरांनी टिपलेले गायक-वादक पाहा. तिथे प्रत्येक चेहऱ्यात तो कलावंत काय गातोय ते ऐकू येतं. न ऐकता असं चित्र निघत नाही.

आता रात्री दहाची वेळ पाळावी लागते, जागा मुकुंदनगरची झाली, पण माणसं तशीच डोळे मिटून ऐकतात. त्यांचेही फोटो काढा. श्रोत्यांच्या चेहऱ्यावर निम्मी मैफल असते.

अंजू_डोंबिवली

नानाकाका, श्रोत्यांच्या फोटोंना +१. दिवाळी पहाटला तर काय चेहरे असतात! पहाटे चारला उठून, तेल चोपडून घेतलेली, पैठणी नेसलेली, अर्धवट झोपेतली आणि तरी ठेका धरणारी माणसं.

रानमोगरा

धाग्यातल्या मताशी सहमत. त्यात माझी भर घालते.

माहेरचे जुने अल्बम मी स्कॅन करायला घेतले. लक्ष्मीपूजन, गणपती, अनंत, सगळं होतं त्यात. पूजेच्या प्रत्येक फोटोत आजोबा, बाबा, काका, मुलगे. आई आणि काकू जवळपास नाहीतच. एका फोटोत उजव्या कडेला एक हात आहे, हिरव्या बांगड्यांचा, पंचामृताची वाटी पुढे करणारा. तो काकूचा हात. अख्ख्या गणपतीच्या अल्बममधली काकू म्हणजे तो हात. तिने एकवीस मोदक वळून उकडले, नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात पाणी घातलं नाही, आणि ती कुठेच नाही.

दुसरी माझी आत्या. लवकर विधवा झाली. भाऊबीजेच्या फोटोंत ती दाराच्या चौकटीला टेकून उभी दिसते, निम्मी आत, निम्मी बाहेर. कुणीतरी मुद्दाम काढलेला तो फोटो नाही. ओवाळणीचा फोटो काढताना ती कडेला आली. पण घरात कुणाला कुठे उभं केलं जात होतं हे त्या फोटोत जितकं दिसतं, तितकं आम्ही कधी बोललो नव्हतो. मी तो मोठा करून बाबांना दाखवला. त्या वर्षी भाऊबीजेला बाबांनी पाट मांडला आणि आत्याला हाक मारली, "ताई, आधी तू ओवाळ." त्या ओवाळणीचे फोटो मी काढले. माझ्या मते घरचे सण टिपायचे ते यासाठी.

वरच्या_आळीतला

रानमोगरा, तुमचा अनुभव पोचला. पण सरसकट असं नसतं हो. आमच्या कोकणात गणपतीला बायका फुगड्या घालतात, गौरी आणतात, त्यांचाच सण असतो तो. कॅमेरा घेऊन घरातला अन्याय शोधत फिरलं तर सणाचा आनंद जाईल.

रानमोगरा

शोधत कुणी फिरत नाही दादा. फक्त कॅमेरा देव्हाऱ्यापाशी उभा असतो तो थोडा वेळ स्वयंपाकघरात न्यायचा. तुमच्या गौरींचे फोटो काढता ना? मग गौरीच्या जेवणाची पुरणपोळी लाटणारीचाही एक काढा. आनंद वाढेलच.

वरच्या_आळीतला

हे मान्य. आमच्या वहिनींच्या हातचा मोदक कळी पाडताना टिपण्याजोगाच असतो. यंदा काढतो.

फोंडेकर

गोव्याहून हजेरी. आमच्याकडे चतुर्दशीच्या पहाटे फुलबाजीच्या जोडीला नरकासुर असतो. वाड्यावाड्यांवर पोरं कागद-गवताचे मोठाले नरकासुर करतात, रात्रभर मिरवतात आणि उजाडायच्या आत जाळतात. फोटोसाठी सांगतो: जळतानाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही दोन दिवस आधी जा, सांगाड्यावर वर्तमानपत्रं चिकटवणारी, कोपरापर्यंत खळ लागलेली पोरं मिळतील.

आग टिपताना उजेड आगीवरून मोजा, नाहीतर ज्वाळांच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. मग घरी येऊन आंघोळ आणि फोव, म्हणजे पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. केळीच्या पानावर हे सगळे एका रांगेत वाढले की वरून एक फोटो काढायचा आणि कॅमेरा बंद, कारण मग हात चिकट होतात.

अंजू_डोंबिवली

फोवचं नाव काढलंत आणि आता इथे कचेरीत भूक लागली. @शेवंती_के, कारीट कुठून आणता? आमच्याकडे दरवर्षी शोधाशोध.

शेवंती_के

मंडईत आदल्या दिवशी वाटे लावून बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडून. तुम्हाला दादरच्या फुलबाजाराकडे मिळायला हरकत नाही. संध्याकाळच्या आत जा.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत दिवाळी कामाच्या दिवशी आली तर घरचं सगळं शनिवारवर जातं. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात, छतावर पांढऱ्या नळ्या, मंचावर पडद्यासारखं निळं कापड. तिथे फोटोत सणाचा रंग कसा आणायचा हा माझा नेहमीचा प्रश्न होता. शेवटी मी सभागृहातलं सोडून मागच्या मार्गिकेत जायला लागलो. तिथे मुली एकमेकींच्या नऊवारीचा काष्टा ओढून देत असतात, कुणाचा बाप मोबाइलवर बघत फेटा बांधत असतो, एक आजी गाण्याआधी नातीच्या हातातली तंबोऱ्याची पेटी सुरात आहे का ते कान लावून बघत असते. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथले.

घरात धुराचा भोंगा वाजेल म्हणून निरंजनंही जपूनच लावावी लागतात. म्हणून आम्ही ओवाळणी गॅरेजचं दार उघडं ठेवून तिथे करतो. नोव्हेंबरच्या थंडीत स्वेटरवर उपरणं घेतलेली मुलं पाटावर बसतात. तीही आमची दिवाळीच, आणि फोटोत ती तशीच यावी असं वाटतं.

पेठकर

स्वेटरवर उपरणं, फार आवडलं. इथे टाका की तो फोटो. मुलांचे चेहरे दाखवायचे नसतील तर पाठमोरा असला तरी चालेल.

बरं, जांभळ्या दिव्यांचं राहिलंच. मंचावरचे निळे-जांभळे एलईडी चेहऱ्यावर पडले की एकच रंग ओसंडतो आणि गालाचा सगळा तपशील जातो. मग नंतर कितीही ओढा, तो परत येत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मूळ फाइलमध्ये) काढा, तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगवेगळा बघा आणि निळा उजव्या भिंतीला धडकत असेल तर एक्स्पोजर कमी करा. तरीही नाही जमलं तर तो फोटो कृष्णधवल करा, नानाकाका खूश होतील. शिवाय थोडा धीर धरा. साडेसहाच्या सुमारास सूर्य वर आला की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात ते दिवे आपोआप फिके पडतात आणि मंडपाच्या कडेने मऊ उजेड आत येतो. दिवाळी पहाटचे चांगले फोटो त्याच वेळात मिळतात.

तीनताल

पेठकर, एक विचारतो. हल्ली सगळे आवाज न करणारं शटर वापरतात, आम्हाला ते बरंच वाटतं. पण परवा एकाने मला माझाच फोटो दाखवला तर त्यावर आडवे काळे पट्टे. ते कशाने?

पेठकर

आवाज नसलेलं म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. ते सेन्सरच्या ओळी वरून खाली एकापाठोपाठ एक वाचतं. एलईडी सलग जळत नाही, तो भराभर चालू-बंद होत असतो. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या गेल्या, काही बंद असताना, की झाले पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. पण मंचावरचे मंद करता येणारे एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे हा हिशेब लागू पडेलच असं नाही. मग यांत्रिक शटर हाच उपाय. आवाज होतो, म्हणून आलापात नको. तबला सुरू झाला की त्याच्या आवाजात खपून जातो.

तीनताल

म्हणजे आमच्या तबल्याची आणखी एक सोय झाली! नानाकाकांचं "आलापात कॅमेरा मांडीवर" आणि तुमचं हे, दोन्ही एकाच जागी येऊन मिळालं.

वरच्या_आळीतला

एक सांगायचं राहिलं. मैफलीचे फोटो काढायला आयोजकांना आधी विचारा. आणि व्हिडिओ किंवा ध्वनिमुद्रण तर परवानगीशिवाय करूच नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरीकरणावर कलावंताचा स्वतःचा हक्क आहे. हल्ली अर्धा मंडप हात वर करून मोबाइल धरतो, मागच्याला मंच दिसत नाही.

अंजू_डोंबिवली

आणि घरच्या फोटोंत लहान मुलांच्या आंघोळीचे फोटो कुठेही टाकू नका, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातसुद्धा. पुढे कुठे जातात ते आपल्या हातात राहत नाही.

शेवंती_के

सगळं वहीत उतरवून घेतलं. आंघोळीचं आमच्याकडे ठरलेलंच आहे, उटणं लावलेला हात आणि न्हाणीघराबाहेरच्या फुलबाज्या, एवढंच टिपायचं. रानमोगरा, तुमचं वाचल्यापासून आमचे अल्बम काढून बसले आहे. आमच्याही चुलत सासूबाई फक्त आरशात दिसल्या, केस विंचरताना. यंदा त्या करंज्या कातताना मी पूर्ण वेळ त्यांच्याजवळ असणार आहे, त्यांना सांगूनही ठेवलंय. "माझे कसले फोटो," म्हणाल्या, पण साडी कोणती नेसू तेही विचारलं.

माझा तिसरा प्रश्न तेवढा उरला. पाडव्याला मला नवऱ्याला ओवाळायचं असतं, भाऊबीजेला भावाला. ताम्हण माझ्या हातात असतं. तो फोटो मला हवा आहे आणि ती ओवाळणीही मला पुरती हवी आहे.

नानाकाका

मग त्या वेळी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्या. घरातलं बारा-तेरा वर्षांचं एखादं मूल हेरा. मोठ्यांना दिलात तर ते सगळ्यांना "इकडे बघा" म्हणतात. मुलं म्हणत नाहीत.

पेठकर

अगदी. सगळं आधी मॅन्युअलवर लावून द्या: एफ/२.२, १/१००, आयएसओ ५०००, फोकस चेहरा ओळखणारा. एफ/१.८ नको, त्यात मुलाकडून नाक फोकसमध्ये आणि डोळे पुसट येतील. आदल्या रात्री एकदा निरंजन लावून त्याला सराव द्या आणि "ताम्हण वर आलं की दाब" एवढंच शिकवा.

शेवंती_के

भाची आहे तेरा वर्षांची. कथक शिकते, त्यामुळे तिहाईही कळते तिला. पाडव्याला घरी आणि पहाटेला मंडपात, दोन्हीकडे तिला बरोबर घेते. @तीनताल, मंडपात दोघींना पेटीच्या बाजूला बसायचं तर किती वाजता पोचावं?

तीनताल

पाचला सुरांची जुळवाजुळव आणि माइकची तपासणी सुरू होते. साडेपाचपर्यंत या. बाजूच्या जागा शेवटी भरतात, मिळतील. आणि ती जुळवाजुळव चालू असताना भाचीला कॅमेरा द्या. हातोडीने तबल्याची गजऱ्यावर ठोकणी चालू असते, तंबोऱ्यांवर कान लावलेले असतात, कुणी फोटोसाठी बसलेलं नसतं. तेव्हा शटरचा आवाजही कुणाला खुपत नाही.